छत गळतंय, ते आधी बघा

मागच्या आठवड्यातल्या प्रेमपटांच्या यादीत ‘गुजारिश’ नाही, म्हणून बऱ्याच वाचकांनी रागावून लिहिलं. एवढा त्याग तुम्हाला प्रेम वाटत नाही का, असं एका बाईंनी विचारलंय. नाही वाटत. २०१० मध्ये वाटला नव्हता आणि या आठवड्यात पुन्हा पाहिला, तेव्हा तर संतापच आला.

संताप एका प्रसंगाचा. मानेखाली शरीर लुळं पडलेला जादूगार ईथन मस्कारेन्हस गोव्यातल्या आपल्या प्रचंड घरात रात्री एकटा पडलेला आहे. छत गळतं आणि थेंब नेमके त्याच्या कपाळावर पडू लागतात. बाजूला सरकता येत नाही, हाक कुणापर्यंत पोचत नाही. सकाळपर्यंत तेच. हृतिक रोशननं हा प्रसंग जीव ओतून केलाय, दिग्दर्शक भन्साळींनी तो देखणा टिपलाय. पण चौदा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री कुणाला बोलावण्याची साधी सोय नसावी? त्याच्यावर प्रेम करणारी सोफिया बारा वर्षं त्या घरात राबतेय. ते छत कुणी दुरुस्त करत नाही, कारण दिग्दर्शकाला ते गळायलाच हवं आहे.

आता अँडी सर्किसचा ‘ब्रीद’ (२०१७) बघा. ही खरी घडलेली गोष्ट. चहाच्या व्यवसायात असलेल्या रॉबिन कॅव्हेंडिशला १९५८ मध्ये केनियात पोलिओ होतो. वय अठ्ठावीस. मानेखाली हालचाल नाही, श्वासही यंत्राचा. बायको डायना गरोदर. तोही सुरुवातीला मरणच मागतो. ती ते देत नाही. तुझ्यासाठी काय करू, असं विचारते. मला इथून बाहेर काढ, असं तो सांगतो, आणि डॉक्टरांचा विरोध पत्करून ती त्याला यंत्रासकट घरी आणते. घरात कुत्र्याच्या धक्क्यानं प्लग निघतो, श्वास थांबतो. इथेही जिवावरचा प्रसंग आहे. पण पटकथा त्या धोक्यापाशी रेंगाळत नाही, पुढची सोय शोधते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टेडी हॉल १९६२ मध्ये श्वसनयंत्र बसवलेली चाकाची खुर्ची तयार करतात. मंडळी थेट स्पेनला निघतात, वाटेत यंत्र बिघडतं आणि टेडी येईपर्यंत सगळे आळीपाळीनं हातानं पंप दाबून त्याला श्वास देत राहतात. दोघांच्या प्रेमाबद्दल तो पंप जे सांगतो, ते ‘गुजारिश’मधल्या सगळ्या मेणबत्त्या मिळून सांगू शकत नाहीत.

‘ब्रीद’ निर्दोष नाही. निर्माता त्या जोडप्याचाच मुलगा, जोनाथन. त्यामुळे कडा घासून गुळगुळीत केल्यात. पाठीच्या जखमा, लघवीची नळी, पैशाची ओढाताण जवळपास दिसतच नाही. आणि हो, शेवटी रॉबिनही स्वतःचं मरण ठरवतो. पण ते १९९४ मध्ये, छत्तीस वर्षं जगून, मुलगा वाढवून, फुप्फुसातून रक्त येऊ लागल्यावर. ‘गुजारिश’ पहिल्यापासून मरणाच्या अर्जाभोवती फिरतो आणि सोफियाच्या प्रेमाची कसोटी ठरते ती मरायला मदत करण्याची तयारी. इच्छामरणाच्या हक्काला माझा विरोध नाही. असं आयुष्य मुळात जगण्याजोगंच नाही, हे गृहीत धरण्याला आहे. ‘गुजारिश’ आला तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना सदतीस वर्षं सांभाळत होत्या. त्या सांभाळण्याला आपल्या पटकथांमध्ये जागा का मिळत नाही?

माझा अंदाज विचाराल, तर आपल्या बहुतेक पटकथाकारांनी रुग्णाची कूस कधी बदललेलीच नसते. आणि चित्रपटगृहांच्या पायऱ्यांचा विषय मी सोडणार नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला, तरी चाकाच्या खुर्चीतला प्रेक्षक आजही बऱ्याच ठिकाणी पडद्याला नाक लावून पहिल्या रांगेपुढे बसतो, जोडीदार मागे कुठेतरी. ज्या जोडप्याला एकत्र सिनेमा बघता येत नाही, त्याच्या प्रेमाची गोष्ट आपण नीट लिहू, अशी आशा कशी धरायची?

पुण्यात खडकीला मणक्याला दुखापत झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासून. अशा जोडप्यावर सिनेमा लिहायला घेणाऱ्यांनी आधी तिथे जावं. तिथल्या माणसांना आणि त्यांच्या बायकांना विचारावं, की सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असतं. पटकथेचं पहिलं पान त्या उत्तरापासून लिहा.