घरचे विमान, जबाबदारी कोणाची?

गॅरेजमध्ये लाकडाचे विमान बांधायचे, मित्राला शेजारी बसवायचे आणि आकाशात कसरती करायच्या, ही कल्पना आपल्याकडे वेडगळ ठरेल. अमेरिका आणि युरोपात मात्र हा कायद्याने मान्य केलेला छंद आहे.

इटालियन अभियंता स्टेलिओ फ्राती यांचे ‘फाल्को’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९५५च्या जूनमध्ये प्रथम उडालेले हे दोन आसनी लाकडी विमान आधी कारखान्यात तयार होत असे. पुढे अमेरिकेतील सेक्वोया कंपनीने त्याचे आराखडे आणि सुटे भाग हौशी मंडळींना विकले. फ्रातींनी नंतर आखलेले याच घाटाचे धातूचे ‘एसएफ-२६०’ अनेक देशांच्या हवाई दलांनी प्रशिक्षणासाठी वापरले. त्यामुळे लाकडी विमान म्हणजे खेळणे, हा समज खरा नाही.

सडपातळ स्प्रूस लाकूड, बर्च प्लायवूड आणि सरस यांवर अशा विमानाचे पंख उभे असतात. कसरतीत गुरुत्वाकर्षणाच्या सहापट भार आला, तर ७०० किलोच्या विमानाच्या पंखांना सुमारे ४ हजार २०० किलो पेलावे लागतात. चांगले लाकूड हा ताण वर्षानुवर्षे सोसते. धातूसारखे ते सहजी थकत नाही. त्याचे शत्रू वेगळे आहेत : ओल, कुज आणि कच्चा सांधा. पंखावर प्लायवूडचे आवरण चढले, की आतला सांधा नजरेआड होतो. खरी मेख इथेच आहे.

या प्रश्नाला दोन देशांनी दोन उत्तरे दिली आहेत. अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्यांनीच केलेले असावे लागते. उड्डाणापूर्वी तपासणी होते, ठरलेल्या चाचणी काळात प्रवासी नेता येत नाही आणि हे विमान नेहमीच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, अशी पाटी आत लावावी लागते. बांधणी सुरू असतानाची अनुभवी जाणकारांची पाहणी मात्र बव्हंशी ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा निरीक्षक कामाचे टप्पे तपासतो; आवरण चढण्याआधी त्याची सही लागते. पहिल्या पद्धतीत स्वातंत्र्य अधिक, दुसरीत खात्री अधिक.

भारतात हा विषय चर्चेत आणला तो कॅप्टन अमोल यादव यांनी. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहा आसनी विमान २०१६मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. ते लाकडी नव्हते, कसरतीचेही नव्हते. तरीही नोंदणीसाठी २०१७ आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी २०१९ उजाडावे लागले.

हौशी बांधणीला मुभा द्यावी की नाही, एवढ्यापुरता हा वाद ठेवणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. परवान्याची फाइल कितीही जाड असली, तरी झाकलेला सांधा ती दाखवू शकत नाही. तो झाकण्याआधी पाहणारा जाणकार लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असे निरीक्षक तयार केले, तर छंदालाही वाट मिळेल आणि शेजारच्या आसनावर बसणाऱ्यालाही न्याय मिळेल. कारण विमान बांधणारा धोका जाणून पत्करतो. शेजारी बसणारा केवळ विश्वासावर बसतो.