तासिकेवरून कुलगुरूपदाकडे

नागपूरच्या दलित लेखिका कुमुद पावडे संस्कृतात एम.ए. झाल्या, तरी नोकरीचे दार बंदच राहिले. ते उघडले आंतरजातीय लग्नानंतर, नव्या आडनावाला. हा घाव त्यांनी ‘अंतःस्फोट’ या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. आज भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावातून पीएच.डी.पर्यंत पोचलेल्या दलित मुलीच्या वाट्याला बहुधा तासिका तत्त्वावरची, म्हणजे तासागणिक मानधनाची, तात्पुरती नेमणूक येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत कुलगुरूपदासाठी प्राध्यापकपदाची किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतल्या अनुभवाची १० वर्षे मागितली आहेत. कायम नेमणूकच चाळिशीत झाली, तर ती १० वर्षे भरणार कधी? कुलगुरूपद एकच, त्यामुळे तिथे आरक्षणही नाही. म्हणून प्राध्यापकांच्या रिक्त जागा मुदत ठरवून भराव्यात आणि कुलगुरू शोध समित्यांवर दलित प्राध्यापिका घ्याव्यात.