उजेड वाढवा, माणूस पुसू नका

आपल्या मासिकासाठी फोटो गोळा करून ते छपाईसाठी तयार करण्याचं काम यंदा माझ्याकडे आहे. त्यामुळे एक वाक्य मी सारखं ऐकतो, "आपल्याकडे चांगला कॅमेरा नाही, म्हणून फोटो चांगले येत नाहीत." मला हे पटत नाही. साध्या मोबाईलवर काढलेला फोटोसुद्धा अर्धा तास मेहनत घेतली तर छापण्याजोगा होतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. मात्र ही मेहनत कुठे थांबवायची, हे ठरलेलं असलं पाहिजे. ते मी एक चूक करून शिकलो.

आधी मेहनतीबद्दल. परेडचा कुठलाही फोटो घ्या. ऊन डोक्यावर आलेलं असतं. पीक कॅपची सावली डोळ्यांवर पडते, चेहरे काळवंडतात आणि पांढरे हातमोजे मात्र चकाकतात. फोटो काढणारा घाईत असतो, म्हणून ध्वजस्तंभही कललेला दिसतो. यातलं बरंच काही दुरुस्त होतं.

मी 'गिंप' हे सॉफ्टवेअर वापरतो. अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ते तयार केलं. १९९६ मध्ये ते लोकांसमोर आलं आणि आजही फुकट मिळतं. माझा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी मूळ फाईल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर काम सुरू करायचं. ध्वजस्तंभ उभा दिसेपर्यंत फोटो फिरवायचा. कडेची बादली, सायकल वगैरे पसारा कापायचा. पांढरा शर्ट खरोखर पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवायचे. मग 'शॅडोज-हायलाइट्स' वापरून कॅपखालचे चेहरे हळूहळू उजळायचे. धार वाढवण्याचं काम सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडं. ते जास्त झालं की माणसांभोवती पांढरी रेघ उमटते.

कापताना हिशेब लक्षात ठेवावा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर तो १३ बाय १० इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. लांबी-रुंदी निम्मी केली, तर साडेसहा बाय पाच इंचच उरतात. पालकांनाही एक विनंती आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात, तर आम्हाला मूळ फाईल मिळते.

एवढं करूनही काही गोष्टी परत येत नाहीत. हातमोजा पूर्ण पांढरा पडला असेल, तर त्याच्या शिवणी आणि घड्या कॅमेऱ्याने टिपलेल्याच नसतात. तिथे सॉफ्टवेअर फक्त काहीतरी बनवून घालू शकतं. माझी चूक इथेच झाली.

आंतर-हाऊस ड्रिल स्पर्धेनंतर आमच्या हाऊसचा पायऱ्यांवर ग्रुप फोटो काढला. सगळे पूर्ण गणवेशात होते. फक्त सातवीचा एक कॅडेट पायाला प्लास्टर असल्यामुळे पीटीच्या कपड्यांत आणि चपलेत एका टोकाला बसला होता. फोटो एकसारखा दिसावा म्हणून मी 'क्लोन' हे साधन घेतलं आणि शेजारच्या विटा त्याच्यावर चढवल्या. वीस मिनिटांत तो नाहीसा झाला. फोटो नोटीस बोर्डावर लागला. सगळ्यांनी कौतुक केलं, "एकदम प्रोफेशनल!" मलाही तेच वाटलं.

पालक भेटीच्या दिवशी त्याची आई त्या फोटोसमोर उभी होती. बोट ठेवून एकेक रांग पाहत होती. मी मागेच होतो. तिने विचारलं, "यात तू कुठे आहेस?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, त्या दिवशी मी नव्हतो." तो होता. स्पर्धेत प्लास्टर घालून कडेला उभा राहून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. मला वाचवण्यासाठी तो स्वतःच्या आईशी खोटं बोलला.

मूळ फाईल ठेवलेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी खरा फोटो लावता आला. मी त्याची माफी मागितली. पण तोपर्यंत त्याची आई गावी परतली होती. नंतर त्या फोटोची एक प्रत मी त्याच्या घरी पाठवली.

माझा एक मित्र म्हणतो, "चेहरे उजळणं हाही बदलच आहे. मग फरक काय?" प्रश्न योग्य आहे. फिल्मच्या काळातही छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत कागदावर पडणारा प्रकाश हाताने अडवून एखादा भाग उजळ ठेवत असत. पण कॅपखाली तो चेहरा होताच, आम्ही सगळ्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. उजेड वाढवला की कॅमेऱ्याला नीट न दिसलेलं दिसायला लागतं. याउलट, त्या पायरीवर रिकाम्या विटा कुणीही पाहिल्या नव्हत्या. फेब्रुवारी १९८२ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावर खूप टीका झाली. तिथे तर दगडांचे पिरॅमिड होते. इथे एक मुलगा होता.

म्हणून मासिकासाठी मी तीन नियम सुचवतो. पहिला, प्रत्येक फोटोची मूळ फाईल जपून ठेवावी. दुसरा, उजेड, रंग आणि तिरपेपणा सुधारावा, पण माणूस पुसू नये, हलवू नये, नवा घालू नये. कडा कापतानाही ग्रुपमधला कुणी कापला जात नाही ना, हे पाहावं. तिसरा, तयार झालेला फोटो त्या वेळी तिथे हजर असलेल्या एकाला दाखवावा. "हो, असंच होतं," असं तो म्हणाला तरच छापायला द्यावा.

ड्रिलमध्ये एकाची पावलं चुकली तर उस्ताद त्याला रांगेतून काढून टाकत नाहीत, सगळ्या स्क्वॉडकडून पुन्हा करून घेतात. फोटो नेटका नसेल तर आपणही तेच करावं. पुढच्या वेळी सगळ्यांना नीट बसवावं, उन्हाकडे लक्ष द्यावं आणि प्लास्टरवाल्याला मधल्या रांगेत खुर्ची द्यावी.