महामार्गाला राखणदार हवा

कोकणात गावागावाला राखणदार असतो. वेशीवर, वहाळाकाठी, एखाद्या जुन्या झाडाखाली त्याचं ठाणं असतं. संकट आलं की गाऱ्हाणं कुठं घालायचं हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. याच गावांमधून, पनवेलपासून पत्रादेवीपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ चं गाऱ्हाणं मात्र कुणापुढं घालायचं, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. इंदापूरच्या अलीकडचा रस्ता भारतीय राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाकडं. पलीकडचा, केंद्राच्या वतीनं, राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडं; तोही अनेक टप्प्यांत, अनेक कंत्राटदारांत वाटलेला. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा प्रवाशाला यातलं काही माहीत नसतं. हा रस्ता कुणाचाच नाही, एवढं त्याला कळतं.

पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये हाती घेतलं गेलं. त्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल आज कॉलेजच्या वयाचं झालं आहे. मधल्या काळात कंत्राटदार बदलले, मंत्री बदलले, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि गणपती जवळ आले की नवी मुदत जाहीर होत राहिली. विलंबाची आणि दुर्दशेची जी कारणं सांगितली जातात, ती इतक्यांदा कानावरून गेली आहेत की आपण ती तपासायचंच सोडून दिलं. ती एकदा नीट तपासायला हवीत.

पहिलं कारण पावसाचं. कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, लाल माती ढासळते, दरडी येतात. अशा मुलखात रस्ता टिकणार कसा, असा हा पूर्वपक्ष आहे. त्याला उत्तर द्यायला दूर जायला नको. महामार्गाच्या जवळूनच, त्याच डोंगरांतून, त्याच नद्यांवरून कोकण रेल्वे धावते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. १९९० मध्ये हाती घेतलेला हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सलग सुरू झाला. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल. पाऊस तोच, माती तीच.

कोकण रेल्वेला पावसानं सोडलं असं नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडमातीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षभरानं, १६ जून २००४ ला, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली आणि पुन्हा जीव गेले. त्यानंतर रेल्वेनं काय केलं ते पाहा. कटाईचे उतार कमी केले, दरडींना जाळ्या बांधल्या, पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक लावलं, गाड्यांचा वेग उतरवला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गस्त वाढवली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत शेकडो माणसं या मार्गावर पहारा देतात. धोक्याच्या कटिंगांवर तर चोवीस तास. रात्री दोन वाजता, धो धो पावसात, हातात कंदील आणि झेंडी घेऊन एक माणूस ठरलेल्या अंतरात चालत असतो. दरड आली तर गाडी थांबवण्याचा अधिकार त्याला आहे. त्याच्या पट्ट्यात काय झालं, याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

महामार्गावर असा माणूस दाखवा.

एके काळी होता. आमच्या लहानपणी बांधकाम खात्याचा मैलकुली असे. खांद्यावर फावडं, हातात घमेलं. मृगाच्या आधी तो गटारं उपसायचा, मोऱ्यांच्या तोंडातला पालापाचोळा काढायचा, साइडपट्टीला मुरूम भरायचा. पाऊस लागला की डांबराखाली पाणी कुठं शिरतंय हे त्याला कुठल्याही यंत्राआधी कळायचं. डांबरी रस्त्याचा खरा शत्रू साचलेलं पाणी असतं, आणि पाणी निघून जाईल असं गटार ठेवणं हे रोजचं, कंटाळवाणं, फोटो न निघणारं काम आहे. ते मैलकुली करत होता. नवी भरती थांबली, मैलकुली निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी निविदा आल्या. आता गटार तुंबतं, रस्ता उखडतो, मग दुरुस्तीची निविदा निघते, आणि ऑगस्टच्या भर पावसात खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक बसवले जातात. पावसाला दोष देणाऱ्यांनी आधी सांगावं, की त्यांच्या महामार्गावर मे महिन्यात मोऱ्या कुणी उपसल्या?

दुसरं कारण भूसंपादनाचं. ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळं जास्त फसवं आहे. कोकणात सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात, वारस मुंबईत, काही परदेशात. मोबदल्याचे वाद होतात आणि त्यांत जमीनमालकाची बाजू पुष्कळदा न्याय्य असते. पण ऐंशी ते नव्वद टक्के जमीन हातात आल्याखेरीज कंत्राटदाराला काम सुरू करायला सांगू नये, हे सरकारचंच धोरण आहे. ते डावलून भूमिपूजनं झाली. जमिनीची अडचण आधी माहीत असताना नारळ फोडणाऱ्यांना नंतर त्याच अडचणीआड लपता येणार नाही.

तिसरा पूर्वपक्ष शिकलेल्या मंडळींचा आहे. सरकारनं बाजूला व्हावं, खाजगी कंपनीला रस्ता बांधू द्यावा आणि टोल घेऊ द्यावा. टोल हवा असेल तर ती रस्ता नीट ठेवीलच, देखरेखीची गरज काय? याचं उत्तर पुन्हा पनवेल-इंदापूरच देतं. तो टप्पा ‘बांधा, वापरा, हस्तांतर करा’ याच तत्त्वावर दिला होता. पैसा कंपनीनं उभा करायचा होता, जोखीम तिची होती. कंपनी अडखळली तेव्हा नुकसान कुणाचं झालं? खोदून ठेवलेल्या रस्त्यावरून वर्षानुवर्षं जाणाऱ्यांचं. मुंबईहून कोकणात जायला सरळ असा हाच एक महामार्ग, तेव्हा चाकरमानी पुणे-कोल्हापूरचा वळसा घालतो, नाहीतर कंबर मोडून घेतो. तो दुसरा महामार्ग विकत घेऊ शकत नाही. जिथं दुसरं दुकानच नाही, तिथं गिऱ्हाईक दुकानदाराला वठणीवर आणू शकत नाही. तिथं सरकारच लागतं.

यावर सरकारी बाजू म्हणते, देखरेख आहेच. खाजगी भागीदारीच्या कामावर स्वतंत्र अभियंता असतो, सरकारी पैशाच्या कामावर प्राधिकरणाचा अभियंता असतो, वर प्रकल्प संचालक, प्रादेशिक अधिकारी, मंत्रालय, शेवटी महालेखापरीक्षक. एवढे डोळे असताना आणखी काय हवं? माझा खरा वाद इथं आहे. हे ‘अभियंते’ म्हणजे बहुतेक वेळा सल्लागार कंपन्या असतात, त्यांची नेमणूकही निविदेनं होते. एकाच अभियंत्याचं नाव किती ठिकाणी लागत असेल? त्यानं दहापेक्षा जास्त प्रकल्प घेऊ नयेत असा नियम प्राधिकरणाला २०२५ मध्ये करावा लागला, यातच उत्तर आहे. दहा महामार्गांवर एकाच वेळी उभा राहणारा माणूस कुठल्याच महामार्गावर उभा नसतो. याच महामार्ग ६६ वर, केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कूरियाड इथं, १९ मे २०२५ ला भराव घालून बांधलेला नवाकोरा रस्ता खचला. कारवाई झाली तेव्हा कंत्राटदाराबरोबर देखरेख करणाऱ्या सल्लागार कंपनीलाही नव्या निविदांपासून दूर ठेवावं लागलं. पहारेकरीच आरोपीच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा पहाऱ्याची सगळी रचनाच पुन्हा मांडायला हवी. आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल कितीही परखड असला तरी तो काही वर्षांनी येतो. ते शवविच्छेदन असतं. रोग्याला त्याचा उपयोग नाही.

कागदावरची पाहणी किती पोकळ असू शकते हे कोकणानं २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पाहिलं. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या अंधारात सरळ नदीत गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, असं सरकारनं तेव्हा सांगितलं. पाहणी झाली नव्हती असं असतं, तर एक वेळ निष्काळजीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पाहणी झाली, शेरा लिहिला गेला, आणि तीन महिन्यांत पूल गेला. पाण्याखालचा पाया कुणी पाहिला होता का, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

त्याच सावित्रीनं आणखी एका आक्षेपाचं उत्तर देऊन ठेवलं आहे. फार तपासण्या लावल्या तर कामाचा वेग मरतो, अधिकारी सहीला घाबरतात, असं म्हणतात. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष त्या पुलावर होतं आणि मुदत चुकली तर जाब कुणाला द्यावा लागेल हेही स्पष्ट होतं. लक्ष असलं की काम वेगानं होतं. उलट चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर १६ ऑक्टोबर २०२३ ला उभारणी चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले, त्या कामाला तपासण्यांनी उशीर झाला होता असं कोण म्हणेल?

लोकांच्या रागालाही मी देखरेख मानत नाही. जुलै २०१९ मध्ये कणकवलीत आमदार नितेश राणे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी एका उपअभियंत्यावर बादल्यांनी चिखल ओतला, त्याला पुलाला बांधलं. त्या दिवशी टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. मला ते दृश्य लाजिरवाणं वाटलं. ज्याच्या हातात बिल अडवण्याचा खरा अधिकार नाही त्याला चिखलात बुडवायचं, आणि ज्यांच्या सहीनं बिल निघतं त्यांच्याशी उद्घाटनाच्या मांडवात हस्तांदोलन करायचं, यानं एकही खड्डा बुजत नाही. प्रामाणिक अभियंता मात्र गप्प बसायला शिकतो. महामार्ग अभियंते सत्येंद्र दुबे आठवावेत. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्रानं कळवला. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळी घालण्यात आली. वय जेमतेम तिशीचं. देखरेख करणाऱ्याला संरक्षण नसेल, तर देखरेख कोण करील?

हे सारं कशासाठी सांगतो आहे? २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांपैकी ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. देशाच्या एकूण रस्त्यांत या महामार्गांची लांबी जेमतेम दोन टक्के आहे. सगळे मृत्यू रस्त्याच्या दोषानं झाले असं मी म्हणत नाही. वेग आहे, दारू आहे, उलट्या दिशेनं येणाऱ्या गाड्या आहेत. पण अर्धवट डायव्हर्जन, फलक नसलेलं वळण, दिवा नसलेला दुभाजक यांचा वाटा ‘चालकाचा ताबा सुटला’ या एका वाक्यात पुरला जातो.

मग व्हायला काय हवं? माझी मागणी साधी आहे. महामार्गाच्या दर वीस-पंचवीस किलोमीटरला सरकारी नोकरीतला एक अभियंता नेमावा, त्याचं नाव आणि फोन नंबर रस्त्याकडेच्या फलकावर मराठीत लिहावा, आणि त्याच्या लेखी होकाराशिवाय त्या पट्ट्याचं एक रुपयाचंही बिल निघू नये. त्याच्या हाताखाली बारमाही मजूर द्यावेत. जुना मैलकुली नव्या पगारावर आणि नव्या अवजारांनिशी परत आणावा. सल्लागार कंपन्या मदतीला खुशाल असाव्यात, पण सही सरकारी माणसाची असावी. पावसाळ्याआधी प्रत्येक पुलाची आणि दरडीची पाहणी व्हावी, तिचा अहवाल ३१ मे च्या आत लोकांपुढं यावा, आणि त्यात पाण्याखालच्या पायाचं काय झालं हेही असावं. रस्ता चालण्याजोगा नसेल तर टोल आपोआप थांबावा. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळच्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली उच्च न्यायालयानं थांबवली आणि तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं तो निर्णय कायम ठेवला. त्यासाठी प्रत्येक वेळी कुणीतरी दिल्लीपर्यंत लढत का जावं?

कायदाही नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणं न केल्यानं कुणी मेलं वा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवापुढं ही रक्कम क्षुल्लक आहे, पण अपघाताच्या फिर्यादीत हे कलम लावा असा आग्रह तरी आपण धरू शकतो. खड्ड्यानं मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये द्यावेत, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं आणि ती रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून व कंत्राटदारांकडून वसूल करण्याची वाटही मोकळी केली.

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना आणि मुंबईतल्या गाववाल्यांच्या मंडळांना माझी एक विनंती आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कागद मागण्याचा हक्क आहे हे बहुतेकांना माहीत आहे. त्याच कायद्याच्या कलम २(जे) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या सामानाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. आपल्या गावच्या हद्दीतला रस्ता कुणी बांधला, दोषदायित्वाची मुदत कधी संपते आणि त्या तारखेपर्यंत दुरुस्ती कुणाच्या खर्चानं व्हायची आहे, हे तीन प्रश्न लिहा, पाहणीची तारीख मागा, आणि सोबत दहा रुपयांचं शुल्क भरा. हा अर्ज पावसाळा संपायच्या आत गेला पाहिजे.