माझ्याच गाडीचा रेडिओ मला ओळख विचारतो

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने रायगडात शिरलं आणि संध्याकाळपर्यंत खांबमध्ये आमच्या आळीत विजेचा एकही खांब धड उभा नव्हता. (खांबातले खांब पडले, हा विनोद त्या आठवड्यात आम्ही पोटभर करून घेतला आहे.) वीज गेली, पाठोपाठ मोबाईलची रेंज गेली. लॉकडाऊनमुळे पेपर आधीच बंद होता. रोह्याला काय झालंय, अलिबागला काय झालंय, आणखी एक वादळ मागून येतंय का, कुणालाच काही कळेना.

बाबा अंगणातल्या जुन्या गाडीत जाऊन बसले आणि किल्ली अर्धी फिरवली. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लागली. खरखर भरपूर, पण बातम्या होत्या. पुढचे तीन दिवस संध्याकाळी आमच्या गाडीच्या चारी दारांशी शेजारी तोंडाला रुमाल बांधून उभे असायचे. गाडीचा इतका उपयोग आम्ही आधी कधी केला नव्हता.

चौथ्या दिवशी बॅटरी बसली. कोलाडच्या मेकॅनिकने ती काढून जनरेटरवर चार्ज करून आणली, परत जोडली. गाडी चालू झाली. रेडिओच्या पट्टीवर मात्र एकच शब्द आला : कोड.

बाबांनी १२३४ टाकून पाहिलं. मग गाडीचा नंबर. मग माझं जन्मसाल. तिसऱ्या चुकीनंतर रेडिओने बटणं घेणंच बंद केलं.

हा प्रकार काय असतो ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांनी असा रेडिओ पाहिलाही नसेल. नव्वदच्या दशकात युरोपात गाडीची काच फोडून रेडिओ पळवणं हा चोरांचा नित्याचा धंदा होता. त्यावर कंपन्यांनी तोड काढली. रेडिओची वीज तुटली की तो कुलूपबंद व्हायचा आणि बहुतेकदा चार आकडी कोड टाकल्याशिवाय उघडायचा नाही. कोड एका छोट्या कार्डावर छापून गाडीच्या पुस्तकासोबत दिला जाई. पुढे तेच रेडिओ आपल्याकडच्या काही गाड्यांतही आले. कल्पना वाईट नव्हती, हे मी आधीच मान्य करतो. माझं भांडण कुलपाशी नाही. किल्ली कुणाकडे आहे, याच्याशी आहे.

आमची गाडी २०१२ साली पेणच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. आरटीओत फॉर्म २९ भरला, फॉर्म ३० भरला, आरसीवर बाबांचं नाव लागलं. या सगळ्या कागदांत रेडिओच्या कोडचा उल्लेख कुठेही नाही. कार्ड डॉक्टरांकडेच हरवलेलं. मी कंपनीच्या डीलरला फोन केला. आधी उत्तर आलं, लॉकडाऊन संपल्यावर गाडी घेऊन या. ऑगस्टमध्ये गेलो तर म्हणाले, रेडिओ बाहेर काढून नंबर बघावा लागेल, त्याची मजुरी वेगळी. ती भरली. आठवड्याने कळलं की इतक्या जुन्या गाडीची नोंद सिस्टीमला नाही. ‘त्यापेक्षा नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवा ना काका,’ असं त्या मुलाने बाबांना अगदी प्रेमाने सांगितलं.

हे प्रेमच मला जास्त खुपलं. चालू वस्तू टाकून द्या, हा सल्ला देताना आता कुणालाच ओशाळल्यासारखं होत नाही. त्याने दाखवलेल्या दोन्ही स्टिरिओंत यूट्यूब होतं, ब्लूटूथ होतं, मागचा कॅमेरा होता. मीडियम वेव्ह नव्हती. म्हणजे पुढच्या वादळात, टॉवर पडल्यावर, ती चकचकीत काच आमच्यासाठी काळी पाटी.

आता चोरीच्या मुद्द्याकडे येऊ. कोड मागेल त्याला दिला तर चोरांचं फावेल, असं म्हणतात. मग मागेल त्याला देऊ नका. आरसी बघा, चासी नंबर ताडून बघा, हवं तर बाबांना गाडीसकट उभं करा. डुप्लिकेट किल्ली अशीच मिळते ना? शिवाय गंमत अशी की अनेक जुन्या मॉडेलांत रेडिओच्या डब्यावर कोरलेल्या सिरीयल नंबरवरूनच कोडचं गणित मांडता येतं, आणि ते करून देणारी कॅल्क्युलेटरं नेटवर केव्हाची पडून आहेत. ज्याला चोरी करायची त्याला ती सापडतात. अडतो तो बाबांसारखा माणूस, ज्याच्याकडे सगळे कागद आहेत आणि फक्त चार आकडे नाहीत.

हे एकट्या रेडिओचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मुद्दा हाच : सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. दंडावर पुढे अपिलं झाली, ती कथा वेगळी. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत मोबाईल आहेत, घरगुती उपकरणं आहेत, शेतीची अवजारं आहेत आणि वाहनंही आहेत. त्याच डिसेंबरात पोर्टलही आलं. पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर ठेवलं, तर आमच्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांची पाळी कधी येणार?

तुम्ही सेकंडहँड फोन घेतला असेल तर हे दुखणं तुम्हाला माहीत आहे. रिसेट केल्यावर तो आधीच्या मालकाचं अकाउंट मागतो, आणि तो मालक फोन उचलत नाही. पैसे तुम्ही दिलेत, वस्तू तुमच्या हातात आहे, आणि ती तुम्हाला चोर समजते.

आजोबांच्या काळी रेडिओ ठेवायला पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. तो ऐंशीच्या दशकात गेला. पण त्या परवान्याला निदान एक खिडकी होती, खिडकीत माणूस होता, आणि पैसे भरल्यावर शिक्का मिळायचा.

माझी मागणी फार मोठी नाही. वॉरंटी संपली की कोड मालकाला फुकट मिळावा. गाडी विकली की तो आरसीबरोबर पुढच्याकडे जावा. आणि एखादी कंपनी देशातला कारखाना बंद करून निघाली, तर निघण्याआधी तिने अशा सगळ्या किल्ल्या सरकारकडे जमा कराव्यात. गेल्या काही वर्षांत इथून गाशा गुंडाळणाऱ्या मोटार कंपन्या आपण पाहिल्या आहेत. त्यांच्या गाड्या मात्र इथेच आहेत, रोज गोवा हायवेचे खड्डे खात.

आमचा रेडिओ शेवटी डिसेंबरात उघडला. लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत, जेमतेम स्टूल मावेल एवढ्या दुकानात, एकाने आरसी बघितली, डबा खोलला, आतली मेमरीची चिप वाचली आणि चार आकडे कागदावर लिहून दिले. वीस मिनिटं, सहाशे रुपये. आरसी बघायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आरसीच्या पाकिटात ठेवला आहे. गाडी कधी विकलीच तर घेणाऱ्याला आधी तो दाखवायचा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे.