परत उभी राहील तीच प्रत

दवाखान्यातील संगणकाचा बॅकअप घेतला आहे काय, असे आपल्या व्यवसायबंधूंना विचारले की बहुधा होकार येतो. तो कधी परत चढवून पाहिला आहे काय, या प्रश्नावर मात्र शांतता पसरते. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

रुग्णांच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवल्या म्हणजे संगणकाची प्रत झाली, असा समज सर्रास आढळतो. परंतु ज्याला आपण ‘सी ड्राइव्ह’ म्हणतो, त्यावर विंडोज असते, एक्स-रे यंत्राशी बोलणारे ड्रायव्हर असतात, बिलाचे सॉफ्टवेअर असते आणि पुष्कळदा नोंदींचा डेटाबेसही तेथेच दडलेला असतो. ती डिस्क गेली तर केसपेपर हाती राहतात, पण दवाखाना नाहीसा होतो! म्हणून बूट करणाऱ्या लपलेल्या भागांसकट संपूर्ण ड्राइव्हची ‘इमेज’ घ्यावी लागते. ती ज्या डिस्कवर घेतली ती एरवी संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेली राहिल्यास रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालू शकते.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हरवर असाच हल्ला झाला आणि नोंदणीपासून डिस्चार्जपर्यंतचे काम कागदावर आले. हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले. तरीही बहुतेक कामे पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. प्रत शाबूत असून दोन आठवडे! मग इंदुरातील आपल्या लहान नर्सिंग होमांनी काय समजावे? आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे, हे २००२ च्या नियमावलीने आपल्यावर बंधनकारक केले आहे.

भूल देण्यापूर्वी सिलिंडरवरील चिठ्ठी वाचून आपले समाधान होत नाही. आपण काटा पाहतो. इमेजचेही तसेच करावे. चालू डिस्क काढून बाजूला ठेवावी, रिकामी डिस्क जोडावी, रेस्क्यू पेन ड्राइव्हने संगणक सुरू करून इमेज तिच्यावर उतरवावी आणि जुनी नोंद उघडते का, प्रिंट निघते का, हे स्वतः पाहावे. मूळ डिस्कवर हा प्रयोग करू नये; फसला तर तीही जायची. बिटलॉकर वापरत असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवावी. ती त्याच संगणकात जपून ठेवणारे महाभागही आहेत!

‘हे तंत्रज्ञाचे काम’ असे कोणी म्हणेल. काम त्याचे खरे, पण मागणी आपणच करावयाची आहे. वार्षिक देखभाल करारात, वर्षातून एकदा रिकाम्या डिस्कवर इमेज चालवून दाखविण्याची अट लिहून घ्यावी. मंडळाने चाचणीसाठी दोन डिस्क विकत घेऊन सभासदांना आळीपाळीने द्याव्यात, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. मात्र रुग्णांची माहिती पूर्णपणे पुसल्याखेरीज डिस्क पुढील सभासदाकडे जाऊ नये.