टॅब्लेट घेतानाही पोत पाहा

खळ चढवली की हलके कापडही भारी दिसते. खरा पोत पहिल्या धुण्यात कळतो. टॅब्लेटचेही तसेच. गेल्या वर्षी नंदुरबारच्या माझ्या दुकानासाठी मी स्वस्तातला घेतला. दिवसा उधारीचे खाते व साड्यांचे फोटो, रात्री नातवाचा लुडो, एवढेच काम. महिन्याभरात सोंगट्या अडकू लागल्या, गिऱ्हाईकासमोर फोटो उघडेना. चूक माझीच. किंमत पाहिली, आतला माल पाहिला नाही.

२०११ साली सरकारने विद्यार्थ्यांसाठी स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेट आणला. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा, रॅम २५६ एमबी. तो संथ चालतो अशी ओरड झाली. २०१२ च्या ‘आकाश २’ मध्ये १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर व दुप्पट रॅम द्यावी लागली.

लुडो, कॅरम, बुद्धिबळाला आजही महागडे यंत्र लागत नाही. माझ्या मते रॅम ४ जीबीहून आणि साठवण ६४ जीबीहून कमी नसावी. खोक्यावर ‘४ अधिक ४’ लिहिले असेल, तर दुसरे चार साठवणीतून उसने घेतलेले असतात. उसन्या भांडवलाचा जोर किती, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. प्रोसेसर कोणत्या सालचा, हेही विचारा. दुकानातच पंधरा मिनिटे खेळ चालवा, मध्येच दुसरे काम उघडा. अडखळला वा तापला, तर परत ठेवा. दुरुस्ती गावात होते की सुरतेला धाडावा लागतो, तेही आधीच विचारा.

मीटरभर कापडही आपण बोटांत चुरगाळून घेतो; मग हजारोंच्या यंत्राला सूट कशाला?